पन्नासावा अंगठा

विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं आमच्या वाशीच्या वाचनालयात होत. हॉल मात्र कधी भरत नसे. सेक्टरातली मंडळी सुशिक्षित, पण घरी टीव्हीसमोर बसून सुशिक्षित राहणारी. शहाण्णव साली विद्यापीठाचं पत्र आलं: यापुढे दर व्याख्यानाला पन्नास श्रोत्यांच्या सह्या नसतील, तर केंद्र बंद. मी चिटणीस. नऊ वर्षं हे केंद्र मी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आणि विषय काय, तर लोकसंख्या. देशात माणसं फार झाली हे ऐकायला मला पन्नास माणसं मिळत नव्हती.

प्राध्यापक देवस्थळींनी शीर्षक कळवलं होतं, ‘लोकसंख्या, सत्ता आणि समाज: जनगणनेचे अन्वयार्थ’.

“हे वाचून मीसुद्धा येणार नाही,” माझी बायको मीना म्हणाली. “जरा साधं लिही ना.”

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी साधं मराठी लिहिलं. ‘मोजणी कुणाची? कशासाठी? रविवारी सकाळी दहाला. सर्वांनी यावे.’ एक फळा जवळच्या पावणे गावातही टांगला.

रविवारी साडेनऊलाच हॉल भरला. पावण्याच्या बायका, बाप्ये, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. समाज जागा झाला, असं वाटून मला भरून आलं. तेवढ्यात रोहिदास नावाच्या माणसानं विचारलं, “मोजनीचं सायेब आलं का?”

मग उजेड पडला. गावात मोजणी म्हणजे एकच: सरकारी माणूस टेप घेऊन घरं मोजतो ती. मोजलेलं घर कागदावर येतं, राहिलेलं बेकायदा ठरतं. मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं.

“येतायत,” मी म्हणालो. “बसा.”

देवस्थळी दीड तास बोलले. ‘माणूस म्हणजे आकडा नव्हे’ या वाक्याला रोहिदासनं ओळखलं की हे प्रकरण वेगळं आहे. बाकीच्यांनीही हळूहळू ओळखलं. पण पंखे चांगले होते, चहा येणार होता. फक्त पहिल्या रांगेतल्या केशरबाई कान टवकारून ऐकत होत्या. प्रश्नोत्तरांत त्या उभ्या राहिल्या.

“सायेब, मालक गेलं. घर दिराचे नावान हाय. मी त्या घरान चालीस वरसां हाय. मना मोजाल का?”

देवस्थळी हेलावले. “बघा! आकडेवारीत न दिसणारी स्त्री ती हीच. बाई, तुम्हाला मोजलंच पाहिजे.”

टाळ्या पडल्या. केशरबाईंनी पदरानं डोळे पुसले.

शेवटी हजेरीची वही फिरली. एकोणपन्नास झाले होते. मी केशरबाईंसमोर शाईचं पॅड धरलं. त्यांनी अंगठा उठवला आणि विचारलं, “झाली मोजनी?”

“झालं,” मी म्हणालो. ‘झाली’ म्हटलं नाही. भाषेचा माणूस आहे मी.

त्यांनी व्याख्यानमालेचं छापील पत्रक मागून घेतलं आणि घडी करून कमरेला खोचलं. केंद्र वाचलं. विद्यापीठानं ‘ग्रामीण सहभागा’बद्दल माझं अभिनंदन केलं.

दिवाळीनंतर पावण्यात खरी मोजणी झाली. रोहिदास वाचनालयात येऊन सांगून गेला, “केशरकाकीचं घर र्‍हायलं. मोजनीवाल्याला तिनं तुमचा कागद दाखवला. बोलली, माजी झाली, युनिव्हर्सिटीवाल्यांनी केली, तुमी फुडं जावा. तो गेला फुडं. त्याला पन जेवायचं होतं.”

पुढच्या व्याख्यानाला केशरबाई आल्या. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“मास्तर, तुमचे वहीन मी हाय ना?”

मी वही उघडून पन्नासावा अंगठा दाखवला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

“याला कोन मानतो?”

“विद्यापीठ मानतं,” मी म्हणालो.

“मंग आज बी घ्या,” त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला.

मला लाज वाटली, खरंच वाटली. पण त्या दिवशी एकोणपन्नासच झाले होते. मी पॅड पुढे सरकवलं.