मुक्ताबाईंच्या नाडीतली देवी

कळंबोलीच्या आमच्या कॉलनीत त्या वर्षी पाणी एक दिवसाआड यायचं, देवी मात्र रोज संध्याकाळी यायची. ती शेजारच्या मुक्ताबाईंच्या उजव्या मनगटात उतरायची. जिन्यापर्यंत चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर, आणि मुक्ताबाईंना खेटून बसलेले नाडीबाबा. एका हाताने ते मनगट धरत, दुसऱ्याने दंडाला अंगारा लावत, आणि गर्जत, "थांबली! देवी उतरली, नाडी थांबली! शंका असेल त्याने हात लावून बघावं!"

लोक हात लावत. नाडी खरंच लागत नसे. बायका हात जोडत, आणि शाळेत विज्ञान शिकवणारा मी भिंतीपलीकडे कडी लावून पेपर तपासत बसे.

तमाशा एवढ्यावर राहिला असता तर मी कडी काढलीही नसती. पण बाबांना कारण सापडलं. म्हणे, सून उज्वला खोलीत आली की नाडी थांबते.

"सुनेची पावलं सासूचा प्राण ओढतात," बाबा म्हणाले. "अमावस्येच्या आत तिला कायमची माहेरी धाडा. नाहीतर थांबलेली नाडी परत चालायची नाही."

उज्वलाला दिवस गेले होते. सासरे बाबासो लोखंड बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम. त्यांच्या एका हाकेवर गजांच्या मोळ्या हलत, पण बाबांपुढे त्यांचीही जीभ हलेना. नवरा इंद्रजित खाली मान घालून साताऱ्याच्या गाडीची चौकशी करून आला. दाराशी गाठोडं बांधून तयार होतं. मला संताप आला, आणि मी डॉक्टर सुनयनांचा दवाखाना गाठला.

"भांडू नका," त्या हसून म्हणाल्या. "त्यांची स्तुती करा. मी ईसीजीचं मशीन घेऊन येते."

मी बाबांना म्हणालो, "महाराज, देवी नाडी थांबवते त्याची छापील पट्टी निघेल. देवीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावा."

बाबा फुलले. "शेवटी सायन्सलाही आमच्याच दारी यावं लागतं!"

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. डॉक्टरांनी मुक्ताबाईंच्या हातापायांना चिमटे लावले आणि मशीनमधून कागद सरकू लागला. उज्वलाला बोलावलं. ती उंबऱ्यात आली मात्र, बाबांनी अंगाऱ्याचा हात मुक्ताबाईंच्या पदराखाली दंडावर नेला आणि गर्जले, "थांबली!"

बाबासोंनी मनगट चाचपलं. "न्हाई लागत!"

"आता दुसऱ्या हाताची बघा," डॉक्टर म्हणाल्या.

बाबासोंनी डावं मनगट धरलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "हितं तर चाललीया की!"

मशीनही ठोक्यांच्या रेघा बेधडक ओढत होतं. डॉक्टरांनी पदर बाजूला केला. बाबांचा अंगठा दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीवर रुतला होता. तो उचलताच उजवी नाडी परत आली. एका हातात थांबणारी आणि दुसऱ्यात चालणारी देवी पाहून मागून कुणीतरी खुदकन हसलं.

पण बाबा मुरलेले. सरकणाऱ्या पट्टीत एका जागी ठोक्यांमध्ये मोठी फट पडली, आणि त्यांनी तिच्यावर झडप घातली. "ही बघा! आता कुठं आहे माझा अंगठा?"

मुक्ताबाई रडवेल्या झाल्या. "व्हय वं बाई, छातीत चुकतंय ते मला कळतंय. ते बी खोटं हाय व्हय?"

"ते खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "पण हृदय थांबलेलं नाही. पुढच्या ठोक्याचा इशारा उलट घाईने आधीच आलाय. प्रत्येक ठोक्यामागून हा उंचवटा येतो, दिसतोय? सगळे गुळगुळीत आहेत. फटीच्या आधीच्या उंचवट्यावर मात्र टोक आहे. घाईचा इशारा तिथं लपलाय."

"म्हंजी?" बाबासोंनी विचारलं.

"मुकादम, तुमच्या हाकेआधीच टोळीतला एखादा उतावळा 'उचला' म्हणून ओरडला तर?"

"कोन उचलंल? आधीची मोळी ठिवून कंबर तर सरळ व्हाया पायजे. वर माजी बी लय मोडती. हाक नव्यानं द्यावी लागती."

"हृदयातही एक मुकादम आहे. उतावळ्याची हाक वाया जाते, आणि तोही नव्यानं हाक देतो. तेवढ्या वेळाची ही फट."

बाबासोंनी पट्टीतल्या फटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्यात माज्या सुनंचं काय?"

"काही नाही. असं पुष्कळांना होतं, बहुधा निरुपद्रवी असतं. तरी तपासण्या करून घेऊ. मुक्ताबाई, मिसरी लावता ना? ती तंबाखूच आहे. सोडून बघा."

"येवढं सांगू नगा, बाई!" मुक्ताबाई कळवळल्या. सुनेला बाबांच्या एका शब्दावर घराबाहेर काढायला निघालेली ही बाई मिसरीसाठी डॉक्टरांशी अर्धा तास भांडली.

त्या गडबडीत बाबा फ्रेमची पट्टी न घेताच सटकले. उज्वला भिंतीला टेकून रडत होती. बाबासोंनी दाराशी जाऊन तिचं गाठोडं स्वतः खांद्यावर घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. इंद्रजितची मान मात्र आणखी खाली गेली.

मुक्ताबाईंच्या छातीत आजही अधूनमधून ठोका चुकतो. त्या पहिल्यांदा घाबरल्या, यात त्यांची चूक नव्हती. पण घाबरलेल्या माणसाचं मनगट धरायला कुणीतरी टपलेलंच असतं. प्रत्येक वेळी मशीन कुठून आणणार? निदान एवढं करा: कुणी आपली नाडी धरली, की त्याचा दुसरा हात कुठं आहे ते आधी बघा.