चमकणारं घड्याळ

बोगद्यात झिरपणारं पाणी हजारो वर्षांपूर्वीचं आहे, असं कंपनी छातीठोकपणे सांगते. बोगदा खणल्यापासून माझ्या बहिणीच्या वस्तीतल्या विहिरी आटल्या, तरीही. खरं काय ते ट्रिटियम सांगतं. पावसाच्या पाण्यात हे किरणोत्सारी द्रव्य निसर्गतःच किंचित असतं आणि पाणी खडकात शंभरेक वर्षं अडकलं की ट्रिटियम जवळपास संपतं. मी सहाशे पायऱ्या उतरून, बोगद्यातल्या भेगेतून भरून आणलेल्या बाटलीत ते सापडलं. म्हणजे पाणी अलीकडच्या पावसाचं, विहिरींचंच.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी निकाल दाखवला, तेव्हा मी मनात कंपनीला चार शिव्या हासडल्या. मग नजर मनगटावर गेली. लेकीने दिलेलं, अंधारात चमकणारं घड्याळ. त्या चमकेत ट्रिटियमच असतं आणि ते किंचित बाहेर झिरपून नमुन्यात उतरतं. असलं घड्याळ घालून बाटली भरायची नाही, हे नमुने घेणाऱ्या नव्या लोकांना मीच शिकवतो.

"बाई, बाटली भरताना हे हातातच होतं."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "काका, कुणी पाहिलं नाही."

"कंपनीचा वकील शोधून काढेल. त्याचाच पगार खातो तो."

मी घड्याळ त्यांच्या टेबलावर काढून ठेवलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, लागला का निकाल?"

"नाही गं. माझ्या घड्याळाने घोळ केला. पुन्हा भरावी लागेल बाटली."

"मग तोवर आम्ही काय प्यायचं, तुझं घड्याळ?"

मी फोन ठेवला. सकाळपासून गुडघे ठणकत होते. मी रिकामी बाटली उचलली आणि बोगद्यावर जाऊन पुन्हा त्या सहाशे पायऱ्या उतरायला लागलो.