बसव्वाच्या फेऱ्या

सोमशेखरला वाट बघता येत नसे. गिऱ्हाईक रंगांचं पुस्तक चाळत बसलं, की हा गल्ल्यावरून उठायचा, दारात जायचा, परत यायचा आणि शेवटी स्वतःच सांगून टाकायचा, "फिकट पिवळा न्या. शोभतोय." गडहिंग्लजला त्याच्या रंगांच्या दुकानातून लोक वैतागून जात आणि पुन्हा तिथंच येत. माल चोख होता.

यंदा माल इतका खपला की रंगाच्या कंपनीनं जिल्ह्यातल्या निवडक दुकानदारांना दोन दिवसांसाठी 'मौजनगरी'त नेलं. पन्हाळ्याच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी दोन-अडीचशे एकरांत उभी केलेली नगरी. उंच पाळणे, खोटा किल्ला, गुऱ्हाळ, तळं आणि राहायला भलंमोठं हॉटेल. दुपारी चारला हॉटेलच्या सभागृहात सत्कार. सोमशेखरनं त्यासाठी नवा शर्ट शिवला होता.

अडचण होती ती अव्वाची, म्हणजे त्याच्या आईची. बसव्वा अडुसष्ट वर्षांची. दोन वर्षांमागं न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर धरून घरातल्या घरात दहा पावलं, एवढंच तिचं चालणं. घर दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. लिफ्ट नाही. दोन वर्षांत ती चारदा खाली उतरली होती, खुर्चीत बसून, पुढं सोमशेखर आणि मागं हमाल. चारही वेळा दवाखान्यात जायला. तिला एकटीला मागं कसं ठेवायचं, म्हणून सोमशेखर आणि त्याची बायको दानेश्वरी तिला बरोबर घेऊन आले.

नगरीच्या दारात म्हाताऱ्या माणसांना बॅटरीवरची चारचाकी गाडी देत होते. बसायला गादी, पुढं हँडल, हँडलला टोपली. उजव्या अंगठ्यानं कळ दाबली की पुढं, डाव्यानं दाबली की मागं, सोडली की जागेवर थांबायची. "संध्याकाळी सहाला परत करायची," असं सांगून माणसानं किल्ली बसव्वाच्या हातात दिली. ती तिनं मुठीत घट्ट धरली.

नगरीत हिंडायला हिरव्या बस होत्या. हॉटेल, पाळणे, किल्ला, गुऱ्हाळ, तळं आणि परत हॉटेल, अशा एकाच दिशेनं दिवसभर गोल फिरायच्या. थांब्यावर बस आली की मधल्या दारातून उतरती फळी खाली यायची. बॅटरीच्या गाडीवरच्या माणसानं आधी चढायचं, मग बाकीच्यांनी. आत जागेवर गाडी वळवून लावली की ड्रायव्हर ती पट्ट्यांनी जमिनीला बांधायचा.

पहिल्याच वेळी घोळ झाला. मागं तीस-चाळीस माणसं रांगेत. बसव्वानं कळ दाबली, गाडी फळीवर चढली आणि आतल्या खांबाला जाऊन धडकली.

"डावीकडं, अव्वा! डावीकडं!" सोमशेखर ओरडला. "मागं घे! मागं न्हवं, थांब!"

तिनं मागं घेतली. चाक फळीच्या कडेला आलं. रांगेतून कुणीतरी "च्च" केलं. सोमशेखर वळून सगळ्यांना हात जोडायला लागला, "सॉरी हं. माफ करा. वय झालंय त्यांचं. सॉरी." मग त्यानं आईला काखेत हात घालून उचललं आणि बाकावर बसवलं. गुंडू नावाच्या ड्रायव्हरनं रिकामी गाडी ओढून आत घेतली.

हॉटेलपर्यंत बसव्वा आपल्या रिकाम्या गाडीकडंच बघत राहिली.

जेवणं झाल्यावर दानेश्वरी खोलीत साडी बदलायला गेली. आईला व्हरांड्यात गाडीवरच बसवून सोमशेखर सभागृहात गेला. आपली खुर्ची कितव्या रांगेत, नाव कितवं पुकारणार, हे त्याला बघायचं होतं. दहा मिनिटांत तो परत आला. व्हरांडा मोकळा.

आधी त्यानं दानेश्वरीला विचारलं. मग बाथरूमं बघितली, बायकांच्या बाथरूमबाहेर उभा राहून हाका मारल्या. आईला फोन लावला, तर तो दानेश्वरीच्या पर्समध्येच वाजला. शेवटी दारावरचा रखवालदार राजवीर म्हणाला, "लाल इरकल साडीतल्या आज्जी न्हवं? त्या बसनं गेल्या की."

"एकट्या?"

"व्हय. गुंडूच्या बसनं."

सोमशेखर थांब्याकडं धावला. बस दहा मिनिटांनी एक. ती दहा मिनिटं तो थांब्यावरच्या छपराखाली येरझाऱ्या घालत राहिला. त्या चारचाकीची बॅटरी संपली तर? उतरणीला कळ अडकली तर? तळ्याला कठडा आहे का, हे त्यानं सकाळी बघितलंच नव्हतं.

पाळण्यांच्या थांब्यावर तो उतरला. तिकिटं फाडणारी पोरगी म्हणाली, "आज्जी हितं उतरल्या, जरा हिकडं-तिकडं बघितलं आणि मागनं आलेल्या बसनं गेल्या." एवढं ऐकेपर्यंत त्याची बस सुटली. पुन्हा दहा मिनिटं.

किल्ल्याजवळ एक फोटोवाला भेटला. "पावणं, मी फोटो काढू का म्हटलं, तर म्हणाल्या, उभ्या माणसाचा काढ जा, मी पळायलोय." फोटोवाला हसत होता. सोमशेखरला त्याच्या हसण्याचाच राग आला. घामानं नवा शर्ट पाठीला चिकटला होता. खिशात फोन वाजत होता. कंपनीचा माणूस विचारत होता, "सर, तीनपर्यंत येऊन बसाल ना?"

गुऱ्हाळाच्या थांब्यावर अंबूबाई नावाची बाई रस काढत होती. तिनं त्याच्याकडं नखशिखांत बघितलं.

"तुमची आई व्हय ती? रस प्याली, आन् मलाच म्हणाली, आलं वाळलंय तुझं. खरं बोलली. मग बसमदनं गेली."

"कवा?"

"झाला की अर्धा तास. फळीवरनं उलटी उतरली बघा, पाठमोरी. निवांत."

सोमशेखर रस्त्याकडं बघत होता. त्याला बसवत नव्हतं. दूर तळ्याच्या पलीकडून एक हिरवी बस चालली होती. मधल्या खिडकीत लाल ठिपका. त्यानं दोन्ही हात वर केले. "अव्वाऽऽ! ए अव्वाऽऽ!"

लाल ठिपक्यातून एक हात वर झाला. बाजाराच्या वाटेवर ओळखीचं माणूस दिसलं की करतात तसा, जरासा. बस झाडांमागं गेली.

"बघितलं तिनं मला! आणि तरी गेली!"

"गाडी गोल फिरत्या, पावणं," अंबूबाई ग्लास विसळत म्हणाली. "तुमी बी गोल फिरायलाय. दोघांतल्या एकानं तरी थांबाय नगं?"

तिनं दाखवलेल्या पायवाटेनं तो उसाच्या कडेकडेनं हॉटेलच्या थांब्यावर आला आणि बाकावर बसला. उठला. पुन्हा बसला. सव्वातीन. पहिली बस आली, तिच्यात अव्वा नव्हती. दानेश्वरी धावत आली. "चारला तुमचं नाव हाय. मी थांबतो हितं, तुमी जावा." तो नाही म्हणाला. ती त्याच्या शर्टाकडं बघून आल्या पावली परत गेली.

दुसरी बस आली ती गुंडूची. दार उघडलं, फळी खाली आली. कुणीच उतरलं नाही.

आतून गुंडूचा आवाज आला, "आज्जी, हॉटेल आलं."

"म्हाईत हाय. चल."

सोमशेखर फळीवरून पळतच आत शिरला. बसव्वा गाडीवर ताठ बसली होती. चाकांना पट्ट्या बांधलेल्या, पदर खोचलेला, टोपलीत पाण्याची बाटली. तिच्या तोंडावर ऊन लागल्याचा तांबूसपणा होता. कितीतरी दिवसांत तो तिथं दिसला नव्हता.

"अव्वा, जीव जायचा राहिलाय माझा! सांगून जायचं न्हाय? कुठं पडली असतीस तर?"

"पडलो न्हाई."

"काय बघायला गेलतीस एवढं?"

"बघण्यासारखं काय हाय हितं? पाळणं हायत आन् खोटा बुरूज." बसव्वा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "उतराय-चढाय येतंय का, ते बघत हुतो. ह्या गुंडूनं शिकीवलं. फळीवरनं उतरताना तोंड बसकडं ठेवायचं आन् मागं मागं यायचं. पयल्या फेरीला दोनदा धडकलो. दुसऱ्या फेरीला एकदा. आता ही चौथी."

बस चालू झाली. सोमशेखर खांब धरून उभा राहिला.

बसव्वानं विचारलं, "सकाळी तू त्या लोकांची माफी का मागत हुतास?"

"कुठल्या लोकांची?"

"रांगेतल्या. हात जोडून. मी काय केलं हुतं?"

"लोक खोळंबले होते, म्हणून..."

"तीस वरसं एस्टीच्या टपावर मिरचीची पोती चढवली मी. संकेश्वर, नेसरी, निपाणी. तुझा बाप गेल्यावर तू एवढासा, पाठीला बांधून. कंडक्टर बोंबलायचा, लोक शिव्या घालायचे. म्हणायचो, थांबा, पोतं चढतंय. कुणाची माफी मागिटली न्हाई. आन् तू माझ्यासाठी मागिटलीस." तिचा आवाज मोठा नव्हता. "मी काय पोतं हाय व्हय?"

सोमशेखर तिच्या गाडीशेजारच्या बाकाच्या कडेवर टेकला.

"सहाला ही गाडी परत द्यायची," ती म्हणाली. "मग उद्या घरी. मग तुमी मला उचलून वर न्हेणार. रंगाचे डबे खाली, दुकानामागच्या गोदामात, थंडगार सावलीत. आन् मी वर."

"अव्वा, गोदामात वास असतोय. टर्पेंटाइनचा..."

"मिरचीत जन्म गेला माझा. वासाचं सांगतोस?"

पाळण्यांचा थांबा आला. थांब्यावर झुंबड होती. गुंडूनं पट्ट्या सोडल्या, फळी खाली टाकली. बसव्वानं गाडी हळूच वळवली, तोंड आत केलं आणि मागं मान वळवून अंगठा कळीवर ठेवला. सोमशेखरचे हात आपोआप पुढं गेले.

"हात मागं."

त्यानं हात मागं घेतले. ती बोटभर बोटभर मागं सरकत होती. मधेच थांबायची, कड बघायची, पुन्हा सरकायची. खाली गॉगल लावलेला एक माणूस पोराला कडेवर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "अहो, किती वेळ?"

सोमशेखरच्या ओठांवर तेच आलं, सकाळचं. ते त्यानं आवरलं. "लागंल तेवढा," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. जीव मात्र अजून चाकाच्या कडेवरच टांगला होता. मागची दोन्ही चाकं डांबरी रस्त्याला लागल्यावरच त्यानं श्वास सोडला.

चारला त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो किल्ल्याजवळ आईच्या गाडीमागं उभा होता. दानेश्वरी स्टेजवर गेली, शाल-श्रीफळ घेतलं, माईकवर दोन शब्दसुद्धा बोलली. रात्रीच्या जेवणाला सगळे तिचंच कौतुक करत होते. स्टेजवरून उतरल्याबरोबर फोन करून तिनं त्याला फक्त एवढंच विचारलं होतं, "सापडल्या न्हवं अव्वा?"

सहाला पाच मिनिटं कमी असताना बसव्वानं गाडी दारावर नेली. गादी पदरानं पुसली, किल्ली दिली. सोमशेखरनं तिला हात देऊन साध्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही. कूस बदलताना दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढं घरचा जिना यायचा. बेचाळीस पायऱ्या, मधे अरुंद वळण. त्या वळणावर खुर्चीत अंग चोरून बसलेली अव्वा त्यानं इथं येतानाची धरून पाचदा बघितली होती. पाचही वेळा त्याचं लक्ष फक्त स्वतःच्या पाठीवर होतं.

गडहिंग्लजला परतल्यावर त्यानं तिसऱ्या दिवशी आईच्या खोलीसाठी गोदाम उपसायला काढलं. वाटलं होतं आठ दिवसांत होईल. महिना लागला. डब्यांसाठी पलीकडच्या गल्लीत गाळा बघावा लागला, न्हाणीघर बांधावं लागलं, उंबरा फोडून सपाट करावा लागला. वास पुरता गेलाच नाही. आपल्याला कपाटाएवढी खोली दिली, अशी बसव्वाची तक्रार होती. दानेश्वरीची तक्रार वेगळी होती. सासूबाई खाली आल्यापासून दुकानातल्या गिऱ्हाइकांशी त्या परस्पर भाव करत. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. कोल्हापुरातून एक वापरलेली बॅटरीची गाडी मिळाली. टोपली नव्हती, ती बसव्वानं स्वतः तारेनं बांधली.

पहिल्या आठवड्यात ती गल्लीच्या टोकापर्यंत जाई. दुसऱ्या आठवड्यात देवळापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात, भर बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहाला ती गेली आणि बारा वाजले तरी आली नाही. फोन बरोबर होता, पण उचलत नव्हती. सोमशेखरनं एका गिऱ्हाइकाला निळ्याऐवजी हिरवा दिला. तीनदा रस्त्यावर जाऊन आला. दानेश्वरी म्हणाली, "बसा की जरा." तो बसला, आणि लगेच उठला.

पावणेएकला फोन आला. मागं बाजाराचा गलका.

"सोमा, मिरचीबाजारात हाय मी. सिद्धरामच्या अडतीच्या दुकानाफुडं. माल वर हाय आन् तीन पायऱ्या हायत. फळ्या घिऊन ये दोन. लांब बघून आण."

"अव्वा, मिरची कशाला पायजे तुला आता?"

"धंदा कराय. ये लवकर."

दुकानामागं रंगाऱ्यांच्या फळ्या उभ्या होत्या. त्यांतल्या दोन त्यानं काढल्या. त्या मोटारसायकलवर बसेनात, म्हणून हातगाडी मागवली. हातगाडीवाला फळ्या दोरीनं बांधत होता, तेवढासुद्धा धीर त्याला निघत नव्हता. तो स्वतःच गाठी मारायला लागला. फोन खांद्याशी दाबून धरलेला, बंद करायचा राहून गेलेला. त्यातून आईचा आवाज येत होता, खणखणीत, बाजारात बोलतात तसा.

"देठ कुठं हायत हिला? ही ठेव बाजूला. आत काय दडवून ठेवलंयस, ती दाखव."