काही घेता का?

"किती वर्षं पीत होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "कोण?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यामागे ही पडली होती. डोळे पिवळेधमक, पोट फुगलेलं, उशाशी भांड्यात काळी उलटी. यकृत संपलंय, आता काही हातात नाही, असं ते म्हणाले. बायको पीत होती आणि बायको जाणार, दोन्ही मला एका दमात कळलं.

मी पंप दुरुस्त करतो. आयुष्यभर नाकात डिझेल. हिच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा, तेवढाच कळायचा. ही गणवेशांच्या कारखान्यात काजं करायची. हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाली, "मशीन अंगात शिरलंय." मला ते पटलं.

आठवड्याभरात ही गेली. रडू यायच्या आधी मला शिसारी आली. कारण पोट दुखतं म्हणून हिला पहिल्यांदा याच दवाखान्यात आणलं होतं, आणि तेव्हाचं सगळं आठवलं.

सिस्टरच्या हातात छापील कागद होता. दारूबद्दल चार प्रश्न, प्रत्येक रोग्याला विचारायचे. तिने कागदाकडे बघितलं, हिच्या पिकल्या केसांकडे बघितलं आणि लाडात येऊन म्हणाली, "मावशी, काही घेता का?"

ही म्हणाली, "घेते की. रोज घेते."

"काय?"

हिने माझ्याकडे बघितलं. "चहा."

सिस्टर खुदकन हसली. मीही हसलो. तिने चारही ठिकाणी 'नाही'वर खूण केली.

कमी करावीशी वाटते का, कोणी बोललं की राग येतो का, मनाला खातं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. बस, कागदावर एवढंच होतं. हिने घरात लपवलं, पण सरळ नाव घेऊन तोंडावर विचारलं की हिला खोटं बोलता यायचं नाही. लपवणं वेगळं.

परवा हिचे कागद आणायला गेलो. तीच सिस्टर. पुढ्यात हिच्याच वयाची एक बाई, शेजारी तिचा मोठा मुलगा.

"मावशी, काही घेता का?"

मी बाकावरून उठलो. "सिस्टर, कागदावर काय लिहिलंय ते वाचा. दारू म्हणा."

"काका, तुम्ही बसा. बायकांना असं तोंडावर कसं विचारणार? बरं दिसतं का?"

"पाळी कधी गेली विचारता, संडास कशी होते विचारता, रंगसुद्धा विचारता. मग हाच शब्द काय ओकारी आणतो?"

मुलगा अंगावर आला. "ओ, आमची आई दारुडी दिसते काय तुम्हाला?"

"माझी बायको पण दिसत नव्हती."

ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सिस्टरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मुलाला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." मग मला, "तुम्हीपण." दार लागलं.

बाहेर तो मुलगा पुटपुटला, "म्हातारं सटकलंय." बाई आत काय म्हणाली ते मला कळलं नाही. पण बराच वेळ दार उघडलं नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आईला कावीळच झाली होती ना? सासूबाई विचारतायत. इथे शेजारीच बसल्यात."

मी दाराकडे बघितलं. त्या मुलाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"हो गं," मी म्हणालो. "कावीळच."

फोन ठेवल्यावर माझीच मला किळस आली. लेकीला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.