डावा दोरा

तिने बटण दाबलं. रबरी चेहऱ्यामागची मोटर गुरगुरली, तरफ उचलली गेली आणि ओठाचा उजवा कोपरा हसला. डावा जागचा हलला नाही.

तरफ, कप्पी आणि ताण शाळकरी मुलांना खेळता खेळता कळावेत म्हणून दोघी मैत्रिणींनी चार महिने खपून हा चेहरा बनवला होता. प्रदर्शनाचा हॉल माणसांनी गच्च भरलेला, आणि नेमका आत्ताच डावा गाल रुसून बसला होता.

"याला लकवा मारलाय!" मैत्रीण म्हणाली.

मुलं खिदळली. तीही हसली, सगळ्यांत मोठ्याने. आणि हसता हसताच तिला रांगेत उभे असलेले बाबा दिसले.

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या बाबांचा चेहरा गेल्या वर्षी डावीकडून लुळा पडला होता. "पालकांना बोलावलेलं नाही," असं तिने घरी सांगितलं होतं. फाटकावर मात्र हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'पालकांचे स्वागत'. ते त्यांनी वाचलं असणारच.

बाबा पुढे आले. वाकून चेहऱ्यामागे निरखत म्हणाले,

"मॅडम, डावा दोरा कप्पीवरून उतरलाय. मोटर ठीक आहे."

मॅडम. उभ्या जन्मात त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"अचूक पकडलंत," शेजारी उभ्या असलेल्या सरांनी दाद दिली. "आपण कुणाचे पालक?"

"कुणाचाच नाही. सहज आलो होतो."

तिने मान वर केली नाही. चिमटा धरून दोरा कप्पीत बसवला. चेहरा पुरता हसला. टाळ्या पडल्या. तिने वर पाहिलं तेव्हा बाबा तिथे नव्हते.

"जाणकार माणूस," सर म्हणाले. "ओळखीचे होते?"

"माझे बाबा आहेत."

मैत्रिणीने बटणावरचा हात काढून घेतला. मैत्रिणीकडे न बघता ती जिन्याकडे धावली. बाबा कठडा धरून सावकाश उतरत होते.

"बाबा, चला ना वर. मुलांना तुम्हीच समजावून सांगा."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. परक्यांशी बोलताना हल्ली ते तसंच करत. तिच्यासमोर आज पहिल्यांदाच.

"जा तू," रुमालाआडून ते म्हणाले, "मुलं खोळंबलीत."