निळा टॉवेल

सलूनमध्ये खुर्च्या तीन, पण विषय एकच चालला होता: माणसामाणसांत पूर्वीसारखा भेद आता राहिलाय का? बाकावर बसलेले पेन्शनर म्हणत होते, छे, आता कुठे काय! सलूनचे मालक आबा तर कात्री थांबवून छातीठोकपणे सांगत होते, की एके काळी खाणीवरच्या काळ्या माणसाला या दारात उभं करत नसत; आज त्यांचीच मुलगी मी सून करून आणली आणि खुर्चीही दिली.

ती सून शेजारीच एका गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करत होती. आबांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. वस्तरा धरायला तिला त्यांनीच शिकवलं, तिला पाहून नाक मुरडणाऱ्यांना दारही त्यांनीच दाखवलं. तिचा सासऱ्यांवर जीव होता, म्हणूनच राग जास्त येत होता. फळीवर पांढऱ्या टॉवेलांखाली निळे टॉवेल असत आणि ते फक्त खाणीवरच्या लोकांच्या गळ्यात पडत. पांढरे विटले की नवे येत, निळे मात्र तेच, धुऊन धुऊन खरखरीत झालेले. आबांच्या वडिलांपासूनची ही सवय, हात आपोआप तिकडे जाई. आबांना वाटे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नाही. खाणीवर तर सलूनचं नावच ‘निळा टॉवेल’ पडलं होतं.

त्यापायीच तिचे वडील लेकीच्या सलूनची पायरी चढत नव्हते. आज कसेबसे कबूल झाले होते. ते आले की आबा कौतुकाने पुढे होऊन स्वतः टॉवेल घालणार, आणि कोणता घालणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग वडील उठून जातील ते कायमचे.

गिऱ्हाईक उठलं. तिने खुर्ची झटकली.

"आबा, दाढी वाढलीय तुमची. व्याही येतायत, बसा."

आबा खुशीत बसले. तिने निळा टॉवेल काढून त्यांच्या गळ्याशी आणला. आबांची मान झटक्यात मागे गेली, हात वर आला आणि त्यांनी टॉवेल दूर धरला.

"धुतलेला आहे, आबा. पांढऱ्यांबरोबरच धुतलाय मी."

आरशात आबांना स्वतःचा हात दिसला. चेहरा खर्रकन उतरला. सुनेला वाईट वाटलं, पण तिने टॉवेल मागे घेतला नाही.

वडील दारात येऊन उभे होते. सगळं पाहून ते परत फिरायच्या बेतात होते. आबांनी त्यांना आरशातच पाहिलं. हात खाली घेतला, टॉवेल स्वतःच गळ्याभोवती नीट खोचला आणि म्हणाले, की या, माझी झाली की तुम्ही याच खुर्चीत, पांढरा टॉवेल घेऊन.

वडील आत आले, पेन्शनरांशेजारी बाकावर टेकले.

"टोचतो ना?" त्यांनी विचारलं.

"टोचतो," आबा म्हणाले. "मी कधी लावूनच पाहिला नव्हता."

सुनेने ब्रश ओला केला आणि फेस करायला घेतला.