कपाटातल्या संमतीपत्राचा संताप

मी फॉर्म बोलतोय. सहलीचा फॉर्म. दप्तराच्या तळाशी, डब्याखाली चुरगळून घरी येतो ना, तोच. माझं पाळण्यातलं नाव 'पालकांचे संमतीपत्र', पण त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. मला बोलायची सवय नाही. आज बोलतोय, कारण डोकं फिरलंय.

माझा जन्म शाळेच्या ऑफिसात झाला, एका खोकणाऱ्या प्रिंटरच्या पोटातून. मला लिहिलं भूगोलाच्या सरांनी. लिहिलं म्हणजे काय, मागच्या वर्षीचा प्राणिसंग्रहालयाचा फॉर्म उघडला आणि ठिकाण बदललं. त्यामुळे माझ्या अंगावर वर 'अल्पाइन प्रदेश अभ्यास सहल, इयत्ता सातवी' आणि खाली 'प्राण्यांना खाऊ घालू नये' असं दोन्ही आहे. बर्फात कोणते प्राणी खाऊ मागायला येणार होते, देव जाणे. असो. त्याचा मला राग नाही.

मला दोन बाजू आहेत. पुढच्या बाजूवर नाव, हजेरी क्रमांक, फोन, सही. मागच्या बाजूवर एकच प्रश्न : 'आपल्या पाल्याबद्दल आम्हाला माहीत असावे असे काही?' आणि त्याखाली सात आखीव ओळी. पुढची बाजू सगळ्या फॉर्मांची सारखीच. मी कोण, हे मागे ठरतं.

मी ज्या घरी गेलो, तिथल्या मुलीला घरात ठकू म्हणतात. तिने मला दोन दिवसांनी दप्तरातून काढलं आणि आईसमोर टाकलं. "सही कर. उद्या शेवटचा दिवस आहे."

"आज सांगतेस?" आई म्हणाली. "आणि हा चिकट डाग कसला?"

"तो आधीपासून होता."

नव्हता. 

ठकूची आई तरुण आहे, शिकलेली आहे आणि सदान्‌कदा काळजीत असते. रविवार दुपार होती. तिने ओटा पुसला, मला ओट्यावर ठेवलं, पुढची बाजू भराभर भरली आणि मग मला उलटं केलं. तिथे तिचा हात थांबला. आधी तिने पेन्सिलीने लिहिलं, मग खोडलं. पुन्हा लिहिलं. 'मी जरा जास्तच काळजी करते, पण' असं एक वाक्य सुरू केलं आणि इतकं गिरवून खोडलं की माझ्या पाठीला भोक पडायचं बाकी राहिलं.

ठकूचे बाबा डोकावले. "अगं, फॉर्म आहे तो, आत्मचरित्र नाही. कोण वाचणार एवढं?"

"वाचतीलच की," ती म्हणाली. "म्हणून तर ओळी दिल्यात."

तिच्या त्या विश्वासाला जागायची शपथ मी तेव्हा घेतली. वेडाच होतो.

शेवटी पेनाने तिने जे लिहिलं, ते असं : 'गेल्या वर्षी उंच डोंगरावर तिला धाप लागली होती. डॉक्टर म्हणतात, जाऊ द्या, पण एकदम खूप वर नको, टप्प्याटप्प्याने न्या. श्वासाचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. चारचौघांत काढायला तिला लाज वाटते, त्यामुळे तुम्हीच आठवण करावी. त्रास झाला तरी ती रडत नाही, सांगत नाही. नुसती गप्प होते. तिला शहाणी समजू नका. गप्प झाली की खाली आणा.'

सात ओळी भरल्या. शेवटचे तीन शब्द कडेने वर चढले.

मी शाळेत परत आलो तेव्हा छाती पुढे काढून आलो. माझ्याजवळ एक जीव होता, हो!

शिक्षकांच्या खोलीत सरांनी मोठा नकाशा पसरला होता. सर वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. बर्फाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पोरासारखा होतो. विज्ञानाच्या बाईंना ते सांगत होते, "पहिल्याच दिवशी रोपवेने थेट शेवटच्या थांब्यावर! दोन हजार नऊशे मीटर! खाली जंगल, मग झाडं खुजी होत जातात, मग नुसतं गवत, मग खडक, मग हिमनदी. आमची पोरं एका तासात सगळे पट्टे बघतील. पुस्तकात हे चार पानं आहे हो."

"पहिल्याच दिवशी एवढं वर?" बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या दिवशी ढग आहेत. आणि सगळी ठणठणीत पोरं आहेत."

मी टेबलावरच होतो. नकाशाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून आमचा गठ्ठा ठेवला होता! अडतीस फॉर्म. ज्या डोंगरावर ठकूला न्यायचं होतं, त्याच डोंगरावर मी बसलो होतो आणि माझ्या पाठीवर त्याचंच उत्तर लिहिलेलं होतं. सरांनी गठ्ठा उचलला, सह्या तपासल्या. सगळ्या होत्या. त्यांना बरं वाटलं.

मग आम्हाला ऑफिसच्या बाईंकडे दिलं. "याच्या झेरॉक्स काढून द्या. मूळ प्रती हरवायला नकोत."

"दोन्ही बाजूंनी काढायच्या म्हणजे कागद अडकतो हो या मशीनमध्ये," बाई म्हणाल्या. "फोन नंबर, सह्या, सगळं पुढेच आहे. पुढची पुरे ना?"

"पुरे, पुरे," सर म्हणाले.

पुरे! दोनदा म्हणाले!

मशीनच्या काचेवर मला तोंडघशी पाडलं, उजेडाचा एक पट्टा माझ्या तोंडावरून गेला, आणि माझा एक भाऊ बाहेर आला. नाकीडोळी माझ्यासारखाच, पण पाठ कोरी. तो सरांच्या फोल्डरमध्ये गेला. मी गेलो लोखंडी कपाटात. कुलूप लागलं. बाई समाधानाने म्हणाल्या, "हां, आता सगळं व्यवस्थित."

आत अंधारात आम्ही एकमेकांच्या पाठी वाचल्या. दुसरं काय करणार? नऊ नंबरचा मुलगा झोपेत चालतो. त्याच्या आजीने लिहिलं होतं, वरच्या पलंगावर झोपवू नका. एकतीस नंबरच्या मुलीची आई महिन्यापूर्वी गेली. बाबांनी एकच ओळ लिहिली होती : 'संध्याकाळी दोन मिनिटं फोनवर बोलू द्यावं.' एका फॉर्मवर नुसतं होतं, 'तिला हसू नका, प्लीज.' अकरा पाठी भरलेल्या होत्या. अकरा घरांनी आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून दाखवलं होतं, आणि शाळेने ते नीट कपाटात घालून किल्ली फिरवली होती. मला फाटून जावंसं वाटलं.

सहलीच्या दोन दिवस आधी शेजारच्या वर्गात पालकांची सभा झाली. भिंत पातळ आहे. ठकूच्या आईचा आवाज मी ओळखला. "सर, मी फॉर्मवर थोडं लिहिलं होतं. वाचलंत ना?"

"सगळे फॉर्म माझ्याकडे आहेत, ताई. मी स्वतः वाचलेत."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी वाचलं होतं.

"नाही म्हणजे, ते उंचीचं..."

तेवढ्यात एक बाबा खो खो हसले. "अहो ताई, पोरगी सहलीला चाललीय, सासरी नाही!"

वर्ग हसला. तीसुद्धा हसली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती खाली बसली. बाई गं, का बसलीस? आणखी एक वाक्य बोलायचं होतंस! मी कपाटात तडफडलो. पण माझ्या तडफडण्याचा आवाज होत नाही. कागदाचं हेच दुर्दैव.

निघायच्या सकाळी बस ऑफिसच्या खिडकीखालीच उभी होती. इंजिन सुरू. ऑफिसच्या बाई औषधांची पेटी द्यायला आल्या होत्या, खिडकी उघडी होती. सर फोल्डर घेऊन एकेकाचं नाव घेत होते. ठकूचं नाव आलं.

"सर, एक मिनिट," तिची आई म्हणाली. "तो कागद उलटा ना जरा."

"ताई, उशीर होतोय."

"उलटा."

पान पलटल्याचा आवाज आला. 

"इथे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "सात ओळी."

"ही झेरॉक्स आहे. मूळ फॉर्म कपाटात आहेत. अगदी सुरक्षित आहेत."

"कागद कपाटात सुरक्षित, आणि माझी पोर तीन हजार मीटरवर! वा!"

"अहो ताई, निघू द्या आता बस," तेच हसणारे बाबा म्हणाले.

"नाही निघणार."

"आई, सगळे बघतायत," ठकू कुजबुजली.

"बघू देत."

मला वाटलं, ही दुसरीच कुणी बाई असावी. पण आवाज तोच होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ऑफिसच्या बाईंनी तीन चुकीच्या किल्ल्या लावल्या, चौथी लागली, आणि आमचा गठ्ठा बाहेर आला.

सरांनी मला बसच्या पायरीवर उभं राहून वाचलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पायरीवरच बसले आणि बाकीचे दहाही वाचले. एका फॉर्मवर थांबून त्यांनी हसणाऱ्या बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मुलाच्या आईने लिहिलं होतं : 'तो अजून अंथरूण ओलं करतो. त्याच्या वडिलांना यातलं काही माहीत नाही.'  तो फॉर्म घडी घालून त्यांनी सगळ्यांत खाली ठेवला.

"ताई, चुकलं माझं."

"माफीचं नंतर बघू. आज किती वर नेणार?"

सरांनी खिशातून पेन काढलं, आराखड्यातल्या पहिल्या दिवसावर काट मारली. "आज मधल्या थांब्यावर राहू. सतराशे मीटर. तिथे कुणाला त्रास झाला नाही, तरच पुढचं. उद्या ढग असतील, म्हणून हिमनदी आज दुर्बिणीतूनच."  कितीतरी वर्षं त्यांनी त्या हिमनदीची वाट पाहिली होती. मला दया आली नाही. येईल कधीतरी.

आईने मला त्यांच्या हातातून घेतलं. माझ्यावर तिची सही होती. ती मला तिथेच फाडू शकत होती. ठकू तिच्याकडे बघत होती, डोळे भरलेले. आईने पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला सरांना परत दिलं.

"फोल्डरमध्ये नको," ती म्हणाली. "खिशात ठेवा."

आता मी सरांच्या खिशात आहे, चार घड्या पडलेला, घामाने जरा ओला. बस घाट चढतेय. माझा राग गेलेला नाही. आम्ही अकराजण सुटलो, पण त्या कपाटात आणखी फॉर्म आहेत, बाकीच्या वर्गांचे, मागच्या सहलींचे. त्यांच्या पाठी अजून कुणी पाहिलेल्या नाहीत.

आयांनो, बाबांनो, लिहा. कडेने वर चढवून लिहा, लाजू नका. आणि शाळावाल्यांनो, वाचायचं नसेल, तर ओळी आखू नका. माणसं खरंच लिहितात हो.

सर आत्ता मला खिशातून काढताहेत. तिसऱ्यांदा. वाचा. सावकाश वाचा, आणि मग मागच्या सीटवर बसलेल्या पोरीकडे बघून या.